दुबळे शरीर, लस आणि हृदयाचा दाह

कोरोनाची साथ ओसरून आता काही वर्षे लोटली; परंतु जाताना तिने लोकांच्या मनांत जी धास्ती मागे ठेविली ती अद्याप ओसरलेली नाही. "लस टोचून घेतली की हृदयाला सूज येते," हे वाक्य आजही खेडोपाडी ऐकू येते. त्यातच ज्या घरात कोणी मूत्रपिंड बदललेले, कर्करोगावर औषधे घेणारे अथवा वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्यांवर असलेले माणूस असते, त्या घरात ह्या वाक्याला पुढे आणखी एक वाक्य जोडले जाते: "धडधाकट पोरांची ही गत झाली, मग आमच्या माणसाचे काय होईल? त्याच्या अंगात तर जोरच नाही." आणि मग त्या आजाऱ्यास केवळ कोरोनाचीच नव्हे, तर फ्लूची, न्यूमोनियाची, कोणतीच लस घेऊ दिली जात नाही. आजाऱ्यांच्या भेटीस गेले म्हणजे हा विचार इतक्या वेळा कानी पडतो की, त्याचा एकदा नीट परामर्श घ्यावा असे वाटले.

हा तर्क मूर्खपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. जे बलवानास सोसत नाही ते दुर्बलास कसे सोसेल, असे कोणाही माणसाच्या मनात येईल. तथापि येथे नेमकी उलट गोष्ट घडते, आणि ती का घडते हे समजण्यासाठी दाह म्हणजे काय हे प्रथम पाहिले पाहिजे.

बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते. ही सूज काट्याने आणलेली नसते. काट्यावर चालून आलेल्या आपल्याच रक्षक पेशींची ती गर्दी असते. पोलीस दंगल मोडावयास आले आणि त्या धुमश्चक्रीत चार दुकानांच्या काचा फुटल्या, तसाच हा प्रकार. हृदय हा मुळात एक स्नायू आहे. त्याच्यात अशी गर्दी झाली म्हणजे डॉक्टर तिला मायोकार्डायटिस म्हणतात. हृदयाभोवतीच्या पातळ पिशवीत झाली तर पेरिकार्डायटिस. बहुतेक वेळा तिच्यामागे एखाद्या विषाणूचा संसर्ग असतो, आणि तो विषाणू पुष्कळदा सर्दी-खोकल्याचा किंवा जुलाबाचा साधासुधाच असतो. लस हे त्यामागचे एक विरळा कारण आहे. पण आहे, हे नाकारून चालणार नाही. ज्यांनी साथीच्या दिवसांत "लशीने काहीही होत नाही" असे ठासून सांगितले, त्यांनी माझ्या मते लोकांच्या विश्वासाचे नुकसानच केले.

आता मजा अशी की, लशीनंतर हृदयास दाह होतो ही गोष्ट कोरोनाच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होती, आणि ती कळली देवीच्या लशीवरून. आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या अंगावर देवी काढल्याची खूण अजून दिसते. ह्या देशात ती लस प्रथम टोचली गेली १४ जून १८०२ रोजी, मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस. पावणेदोनशे वर्षांच्या खटाटोपानंतर १९७५ साली भारतातील देवीचा शेवटचा रोगी सापडला, आणि १९८० साली जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ज्यांनी देवीच्या साथी पाहिल्या त्यांस त्या लशीची किंमत सांगावी लागत नाही. परंतु ती लस जिवंत होती. तिच्यात व्हॅक्सिनिया नावाचा देवीच्याच जातकुळीचा विषाणू असे. तो टोचल्या जागी वाढे, तेथे फोड येई, खपली धरे, आणि एवढ्या अवधीत शरीर त्याच्याशी लढावयास शिके.

शत्रू देवीचे विषाणू अस्त्र म्हणून वापरील ह्या भयाने अमेरिकेने डिसेंबर २००२ पासून आपल्या सैनिकांस ही जुनी लस पुन्हा टोचावयास प्रारंभ केला. मार्च २००३ च्या मध्यापर्यंत २,३०,७३४ जणांस ती आयुष्यात प्रथमच टोचली गेली, आणि ९५,६२२ जणांस पूर्वी टोचलेली असून पुन्हा टोचली गेली. पहिल्या गटात १८ जणांच्या हृदयास दाह झाला. दुसऱ्या गटात एकासही नाही. ते अठराही जण पुरुष होते, २१ ते ३३ वर्षांचे, आणि टोचल्यापासून ७ ते १९ दिवसांत त्यांच्या छातीत दुखू लागले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे सैनिक निवडून घेतलेले होते. ज्यांस एचआयव्हीची बाधा होती, ज्यांस कर्करोग होता, जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत होते, एवढेच काय पण ज्यांस इसब होते, त्यांसही लशीपासून दूर ठेविले होते. म्हणजे दाह झाला तो दुबळ्यांस नव्हे, तर निरोगी तरुणांस.

मग दुबळ्यांस दूर का ठेविले? त्यांच्यावर येणारे संकट निराळेच असते म्हणून. १९८४ साली अमेरिकेच्याच सैन्यात भरती झालेल्या एका १९ वर्षांच्या जवानास इतर लशींबरोबर देवीची लसही टोचण्यात आली. त्याच्या रक्तात एचआयव्ही होता. ते ना त्याला ठाऊक होते, ना टोचणाऱ्याला. काही आठवड्यांत त्याच्या मेंदूच्या आवरणास सूज आली, आणि पाठोपाठ लशीतील तो विषाणू टोचल्या जागेवरून सुटून अंगभर पसरला. जागोजागी फोड उठले. पुष्कळ आठवड्यांच्या उपचारांनी ते फोड आटोक्यात आले, परंतु मूळ रोगाने पुढे त्याचा घास घेतला. ह्या तरुणास जे झाले ते लशीवर चालून आलेल्या रक्षकांच्या गर्दीमुळे नव्हे. गर्दी करावयास रक्षकच उरले नव्हते. जो विषाणू तुमच्याआमच्या दंडावर एका फोडापुरता राहिला असता, त्याला तेथे अडवणारे कोणी नव्हते.

तात्पर्य, संकटे दोन आहेत आणि ती एकमेकांपासून भिन्न आहेत. रक्षक फार जोमाने धावले तर हृदयाचा दाह. रक्षक धावलेच नाहीत तर जिवंत लशीतील जंतूचा फैलाव. आपल्या घरातील आजाऱ्याविषयी बोलताना आपण ह्या दोहोंची खिचडी करतो.

आता कोरोनाकडे वळू. ज्या लशींमुळे हृदयाच्या दाहाची एवढी चर्चा झाली त्या म्हणजे फायझर आणि मॉडर्ना ह्या दोन एमआरएनए लशी. त्यांत जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या अंगावरील एक प्रथिन कसे बनवावे ह्याची जणू चिठ्ठीच त्या शरीरास देतात. शरीर ते प्रथिन बनविते, ओळखते, आणि चिठ्ठी काही काळाने विरून जाते. इस्रायलमध्ये ह्या लशीकरणाचा आरंभ फार लवकर झाला व दाहाची पहिली ठळक वार्ताही तेथूनच २०२१ च्या पूर्वार्धात आली. तेथे पन्नास लाखांहून अधिक लोकांस फायझरचे दोन डोस मिळाले, त्यांत १३६ जणांस हृदयाचा दाह झाल्याचे निश्चित वा संभाव्य ठरले. त्यांपैकी १२९ जणांचा आजार सौम्य होता. एक जण दगावला. सर्वांत अधिक प्रमाण होते १६ ते १९ वर्षांच्या मुलग्यांत, तेही दुसऱ्या डोसानंतर: सुमारे ६,६०० मुलग्यांत एकास. अमेरिकेतही तेच दिसले. तेथे ऑगस्ट २०२१ पर्यंत १,६२६ रुग्णांची खात्री पटली. त्यांचे मध्यम वय २१ होते, शेकडा ८२ पुरुष होते, आणि बहुतेकांस लस घेतल्यानंतर दोनतीन दिवसांतच त्रास सुरू झाला होता. म्हातारे फार थोडे.

आणि खुद्द कोरोना झाला तर? इस्रायलमधील एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून हा हिशेब २०२१ मध्येच मांडला गेला. लशीमुळे दर लाख माणसांमागे हृदयदाहाचे सुमारे तीन जादा रुग्ण, रोगामुळे दर लाखामागे अकरा. हा सर्व वयांचा मिळून हिशेब झाला. तो पुढे करून कोणी तरुण मुलग्यांची काळजी उडवून लावू नये. कारण इंग्लंडमधील पाहणीत चाळिशीच्या आतील पुरुषांत मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसानंतर दाहाचे प्रमाण रोगानंतरच्या प्रमाणापेक्षाही अधिक भरले. म्हणूनच ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडनने तिशीच्या आतील सर्वांस आणि फिनलंडने तिशीच्या आतील पुरुषांस मॉडर्ना देणे थांबविले. ह्याला मी भीती म्हणणार नाही, शहाणपण म्हणेन.

आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ पासून जे लशीकरण झाले त्यात बहुतांश कोविशील्ड आणि त्याखालोखाल कोव्हॅक्सिन होती. ह्या दोन्ही एमआरएनए लशी नव्हेत. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो. कोविशील्डचे विरळा संकट निराळे होते, रक्तात गुठळ्या होण्याचे, आणि त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीस जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली, परंतु तोवर आपल्या बहुतेकांचे दोन्ही डोस होऊन गेले होते. सांगण्याचा मुद्दा असा की, दूरच्या देशांतील फायझरच्या बातम्या वाचून आपल्या दंडातील कोविशील्डविषयी जी घबराट पसरली, तिच्यात एका गावाचा पत्ता दुसऱ्या गावाच्या पाकिटावर पडला होता. ज्यांची मुले कुवेत, कतार अथवा इंग्लंडात नोकरीस आहेत त्यांची गोष्ट वेगळी. त्या देशांत फायझर मोठ्या प्रमाणावर दिली गेली.

ह्या सगळ्यात प्रतिकारशक्ती दाबलेला माणूस कोठे बसतो? लशींच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांत अशा लोकांस घेतलेच नव्हते. त्यामुळे त्यांच्याविषयीची माहिती मागाहून, हळूहळू गोळा झाली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी मूत्रपिंड, यकृत, हृदय इत्यादी अवयव बदललेल्या ६५८ जणांची २०२१ मध्ये तपासणी केली. एमआरएनए लशीचे दोन डोस होऊनही त्यांतील शेकडा ५४ जणांच्याच रक्तात प्रतिद्रव्ये आढळली. उरलेले शेकडा ४६ लस घेऊनही जणू न घेतल्यासारखेच होते. निरोगी माणसांत असे क्वचितच घडते. ह्याचे कारण सरळ आहे. बदललेला अवयव परका. शरीराने त्याच्यावर चाल करू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात. आणि त्या गोळ्या रक्षकांना अवयवापासून जसे आवरतात तसेच लशीपासूनही आवरतात.

तेव्हा अशा माणसांबाबत डॉक्टरांना चिंता पडली ती लस फार जोरात लागण्याची नव्हे, तर मुळीच न लागण्याची. फ्रान्समधील तुलूझ येथे अवयव बदललेल्या १०१ जणांस तिसरा डोस दिला गेला. त्याआधी शेकडा ४० जणांत प्रतिद्रव्ये होती. चार आठवड्यांनंतर ती शेकडा ६८ जणांत दिसली. त्यांच्यात कोणासही गंभीर त्रास झाला नाही, व कोणाच्याही शरीराने बदललेला अवयव नाकारला नाही. एवढ्याशा संख्येवरून विरळा संकटाचा अंदाज बांधता येत नाही हे खरे. परंतु तिसरा डोस म्हणजे तिप्पट धोका, अशी जी समजूत होती तिला तेथे आधार मिळाला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने अशा रुग्णांस तिसऱ्या डोसाची परवानगी दिली.

आणि ह्या संपूर्ण प्रकरणातील मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट फेब्रुवारी २०२२ मधील आहे. पहिल्या व दुसऱ्या डोसात अधिक अंतर ठेविले तर हृदयदाहाचे प्रमाण कमी होते असे तोवर दिसून आले होते. म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले की, बारा ते एकोणचाळीस वर्षांच्या पुरुषांनी विशेषतः आठ आठवडे थांबावे. परंतु त्याच सूचनेत असेही म्हटले की, ज्यांची प्रतिकारशक्ती बरीच घटलेली आहे त्यांनी थांबू नये. त्यांनी तीन वा चार आठवड्यांचे जुने अंतरच पाळावे. एकाच वयाचे दोन तरुण डोळ्यांपुढे आणा. एक फुटबॉल खेळणारा, दुसरा मूत्रपिंड बदललेला. पहिल्यास सांगितले "थांब", दुसऱ्यास सांगितले "उशीर करू नकोस". पहिल्याचे मोठे भय लशीचा जोर. दुसऱ्याचे मोठे भय रोग, कारण रोग झाला तर तो अंगावर काढण्याची ताकद त्याच्यापाशी नव्हती. घरातील मंडळींनी केलेला तर्क ह्या दुसऱ्या तरुणास लावला असता तर त्याचे नुकसानच झाले असते.

दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसास हृदयाचा दाह होतच नाही असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. ल्यूपससारख्या काही आजारांत शरीराचे रक्षक मुळातच बिथरलेले असतात आणि ते आपण होऊन हृदयावर उलटू शकतात. कर्करोगावर अलीकडे जी काही नवी औषधे निघाली आहेत ती रक्षकांचा लगाम ढिला करून त्यांस गाठीवर सोडतात. त्यांमुळे क्वचित हृदयास दाह होतो व तो जिवावर बेतू शकतो. येथे दोष औषधाचा, लशीचा नव्हे. पण अशा रुग्णाची छाती दुखू लागली तर "लशीमुळे असेल, जाईल" म्हणून घरी बसणे हा घात आहे.

लक्षणे कोणती, हे आयाबायांनी ध्यानात ठेवावे. छातीत दुखणे किंवा दडपल्यासारखे वाटणे, उताणे निजल्यावर ते वाढणे, धाप लागणे, काळीज धडधडणे, घेरी येणे. एमआरएनए लशीनंतर ही लक्षणे बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतात. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. तेथे हृदयाचा आलेख काढतात, रक्तातील ट्रोपोनिन तपासतात, गरज पडल्यास हृदयाची सोनोग्राफी करितात. बहुतेकांस काही दिवसांचे औषध व विश्रांती पुरते. अमेरिकेत लशीनंतर दाह झालेल्या तरुणांची किमान तीन महिन्यांनी विचारपूस केली तेव्हा शेकडा ८१ जण बरे झाले आहेत किंवा बहुधा बरे झाले आहेत, असे त्यांच्या डॉक्टरांचे मत पडले. काहींच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये मात्र खुणा उरल्या होत्या. म्हणून तीन ते सहा महिने धावणे, खेळणे, जड ओझी उचलणे बंद ठेवावयास सांगतात. शेतावरील पोरास हे पाळावयास लावणे कठीण. पण लावले पाहिजे. ज्यास एकदा असा दाह झाला त्याने त्याच लशीचा पुढला डोस हृदयाच्या डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये.

राहिला प्रश्न जिवंत लशींचा, जो आपल्या आजाऱ्यांच्या बाबतीत खरा महत्त्वाचा आहे आणि ज्याची कोणी चौकशीच करीत नाही. क्षयाची बीसीजी, गोवर-रुबेलाची, कांजिण्यांची, पिवळ्या तापाची, तोंडातून पाजण्याची पोलिओची, नाकात फवारण्याची फ्लूची, ह्या जिवंत लशी होत. प्रतिकारशक्ती फार घटलेल्या माणसास त्या सहसा देत नाहीत. इंजेक्शनने द्यावयाची फ्लूची, न्यूमोनियाची, धनुर्वाताची, यकृताच्या ब काविळीची, ह्या लशींत जिवंत जंतू नसतात. त्या अशा माणसास देता येतात, किंबहुना त्यालाच त्यांची अधिक गरज असते. अवयव बदलावयाचा असेल तर शक्य तितक्या लशी शस्त्रक्रियेच्या आधी, आणि जिवंत लशी निदान चार आठवडे आधी, उरकून घ्याव्यात. एचआयव्ही बाधित मुलाची प्रतिकारशक्ती फार उतरलेली नसेल तर त्यास गोवराची लस देतात. ते रक्त तपासून डॉक्टर ठरवितात, शेजारणीने ठरवावयाचे नसते.

घरातील इतरांनी आपापल्या लशी घ्याव्यात, म्हणजे रोग त्या आजाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाटच अरुंद होते. ह्याला एक अपवाद आहे. ज्या घरात जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेले बाळ आहे, त्या घरातील त्याच्या भावंडांस पोलिओचे थेंब पाजू नयेत, कारण थेंबांतील जिवंत विषाणू काही आठवडे त्यांच्या विष्ठेतून बाहेर पडत राहतो व बाळास लागू शकतो. पल्स पोलिओच्या रविवारी कार्यकर्त्या दारी आल्या म्हणजे त्यांस हे स्पष्ट सांगावे, बाळाचे रुग्णालयाचे कागद दाखवावेत, आणि त्या भावंडांस पोलिओची लस इंजेक्शनने कोठे मिळेल ते सरकारी दवाखान्यात विचारावे.